जॅकच्या मागचा गोळा



२ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा या गावी, व्हिक्टोरिया पार्कच्या हिरवळीवर, भारताच्या चार महिलांनी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की. खेळ होता लॉन बोल्स. या खेळात भारताला राष्ट्रकुल स्पर्धेत मिळालेलं ते पहिलंच पदक. त्या संध्याकाळी आपल्यापैकी अनेकांनी या खेळाचं नाव प्रथमच ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत या चौघींविषयी पुष्कळ छापून आलं. कुणी पोलीस खात्यात, कुणी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारी, कुणी जिल्ह्याची क्रीडा अधिकारी. नयनमोनी आधी वेटलिफ्टिंग करायच्या, रूपा राणी कबड्डी खेळायच्या. हे सगळं वाचायला बरं वाटलं. पण या खेळात डोकं कसं चालवतात, चार माणसं मिळून एक डाव कसा रचतात, याबद्दल कुठे फारसं आलं नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. त्यातही एका गोष्टीबद्दल: मुद्दाम लांब नेऊन ठेवलेल्या गोळ्याबद्दल.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. सपाट, बारीक कापलेली हिरवळ. लांबी साधारण ३१ ते ४० मीटर. दोन्ही टोकांना उथळ चर. हिरवळीचे दोरीने आखलेले उभे पट्टे असतात, त्यांना रिंक म्हणतात. एका बाजूला मॅट अंथरायची, तिच्यावर उभं राहून आधी जॅक नावाचा छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू दूर घरंगळवायचा आणि मग आपले मोठे गोळे त्याच्याजवळ नेऊन थांबवायचे. सगळे गोळे टाकून झाले की ज्या संघाचा गोळा जॅकच्या सर्वांत जवळ, त्याच संघाला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षाही जवळ आपले जितके गोळे, तितके गुण. दुसऱ्या संघाला त्या फेरीत शून्य. या फेरीला एंड म्हणतात.

गोळा सरळ जात नाही. तो एका बाजूकडे ओढ घेईल असाच घडवलेला असतो. वेगात असताना ही ओढ फारशी जाणवत नाही. वेग मंदावला की गोळा वळतो आणि थांबता थांबता चांगलाच आत येतो. त्यामुळे जॅकपर्यंत पोचायचे दोन रस्ते मिळतात, उजवीकडून वळत येणारा आणि डावीकडून वळत येणारा. पुढचं सगळं डावपेचांचं शास्त्र या वळणातून निघालेलं आहे.

चौघांच्या सामन्यात प्रत्येकाला दोन गोळे. म्हणजे एका एंडला दोन्ही संघांचे मिळून सोळा. पहिली खेळाडू लीड. ती मॅट टाकते, जॅक टाकते, आणि तिचं काम एकच: दोन गोळे जॅकला चिकटवायचे. दुसरी सेकंड, तिसरी थर्ड, आणि शेवटची स्किप, म्हणजे कर्णधार. स्किप सुरुवातीपासून पलीकडच्या टोकाला, जॅकपाशी उभी असते आणि हातांच्या खुणांनी सांगते की गोळा कुठून आणायचा, कुठे थांबवायचा. तिची स्वतःची पाळी आली की ती मॅटकडे येते आणि जॅकपाशी थर्ड उभी राहते. इतका वेळ हुकूम देणारी बाई आता दुसरीच्या खुणेवर खेळते.

ही वाटणी कर्णधाराच्या मानापानासाठी केलेली नाही. मॅटवरून जॅक निदान २३ मीटर लांब असतो. इतक्या लांबून, हिरवळीच्या जवळजवळ समपातळीत पाहताना, गोळे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. जॅकच्या मागे अर्धा मीटर मोकळा आहे की दोन मीटर, हे मॅटवरच्या खेळाडूला कळतच नाही. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट दिसतं. म्हणून जॅकच्या मागे टाकायचा गोळा हा नेहमी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून टाकावा लागतो.

पण जवळच्या गोळ्याला गुण मिळत असताना मागे, दीड-दोन मीटर लांब, गोळा टाकायचाच कशाला? कारण जॅक एका जागी खिळलेला नसतो. गोळा लागला की तो हलतो. आणि येणारा प्रत्येक गोळा मॅटकडूनच येत असल्यामुळे जॅक बहुधा मागेच सरकतो. तुम्ही जॅकच्या पुढे दोन सुंदर गोळे ठेवलेत, प्रतिस्पर्ध्याने जॅकला हलकेच रेटून मीटरभर मागे नेलं, की तुमची सारी कारागिरी एका क्षणात लांब पडली. क्रिकेटमध्ये चेंडू अजून गेलेलाच नाही अशा ठिकाणी, सीमारेषेपाशी, कर्णधार एक क्षेत्ररक्षक उभा करतो. मागचा गोळा तेच काम करतो.

एक डाव डोळ्यांसमोर आणू या. आपले दोन गोळे जॅकच्या अगदी लगत आहेत, म्हणजे आत्ता मोजलं तर दोन गुण आपले. समोरच्यांचे दोन गोळे जॅकच्या मागे, उजव्या हाताला पडलेले आहेत. आपल्या थर्डचा एक गोळा शिल्लक आहे. नवखा संघ म्हणेल, तिसराही जवळ टाकू, तीन गुण होतील. जाणता संघ आधी विचारतो: समोरच्या स्किपला यातून सुटायचं असेल तर ती काय करेल? ती जॅकला उजवीकडे मागे रेटेल. तिथे तिचे दोन गोळे वाट पाहत आहेत. रेटणारा गोळाही जॅकबरोबर गेला, तर तीन गुण तिचे. म्हणून आपल्या थर्डने तो गोळा जॅकजवळ न टाकता मागे उजवीकडे, त्या दोघांच्या शेजारी नेऊन ठेवायचा. आता जॅक तिकडे गेला तरी आपला गोळा तिथे आहेच. तीन गुणांचं आमिष एकावर आलं, कदाचित तेही उरलं नाही. समोरच्या स्किपने कितीही अचूक फटका मारला तरी हाती फार लागत नाही. बचावाची ही पद्धत मला या खेळातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. प्रतिस्पर्ध्याला कुणी अडवत नाही. त्याच्या उत्तम फटक्याची किंमत आधीच कमी करून ठेवलेली असते.

मागच्या चराचाही यात मोठा वाटा आहे. जॅक घरंगळत जाऊन रिंकच्या हद्दीतच चरात पडला तर तो बाद होत नाही. एंड चालू राहतो. पण चरात पडलेला गोळा बाद होतो. अपवाद फक्त त्या गोळ्याचा, जो आधी जॅकला शिवला आहे. अशा गोळ्यावर खडूची खूण करतात आणि तो चरातही जिवंत राहतो. आता विचार करा: जॅक चरात आहे, आणि तुम्हाला त्याच्याजवळ गोळा न्यायचा आहे. कडेवर थांबवला तर उत्तम, बोटभर पुढे गेला तर गोळा गेला. इतकं नाजूक काम मोठमोठ्या खेळाडूंनाही दर वेळी साधत नाही. म्हणून आधीच कडेजवळ जाऊन बसलेला गोळा, जो इतका वेळ निरुपयोगी वाटत होता, तो एकदम सर्वांत मौल्यवान होतो.

दुसरा बचाव म्हणजे वाट अडवणं. जॅकच्या पुढे, काही मीटर अलीकडे, एक गोळा आडवा ठेवायचा. हे दिसायला सोपं आहे, पण करायला फार अवघड. वळणाचा खेळ असल्यामुळे हळू येणारा गोळा मोठा वळसा घेऊन येतो आणि जोरात फेकलेला गोळा जवळजवळ सरळ येतो. एकाच गोळ्याने दोन्ही वाटा अडत नाहीत. शिवाय उजवी वाट अडवली तर समोरचा खेळाडू डावीकडून येतो. म्हणून आडवा गोळा बहुधा एकाच फटक्याविरुद्ध, जोराच्या सरळ फटक्याविरुद्ध, ठेवतात. मॅटपासून १४ मीटरच्या आत थांबलेला गोळा बादच धरला जातो, त्यामुळे फार अलीकडेही तो ठेवता येत नाही. चुकून जरा पुढे गेला तर तो आपल्याच जॅकजवळच्या गोळ्यांवर आदळतो. माझं मत विचाराल तर हा डाव क्वचितच खेळावा. मागचा गोळा पन्नास सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी उपयोगी पडतो. आडवा गोळा पंधरा सेंटिमीटर चुकला की वाट मोकळी.

तिसरी गोष्ट नुकसान कमी करण्याची. समोरच्यांचे चार गोळे जवळ आहेत आणि पहिला क्रमांक मिळवणं शक्य नाही, अशा वेळी स्किप दुसऱ्या क्रमांकासाठी खेळते. आपला गोळा दुसऱ्या क्रमांकाला बसला की चार गुणांचा फटका एकावर येतो. गुणफलकावर तो एंड हरलेलाच दिसतो, पण सामना वाचलेला असतो. उलट आपण चार गुणांनी पुढे असलो की समोरचा संघ जॅकलाच रिंकच्या बाजूच्या हद्दीबाहेर उडवायला बघतो. जॅक बाहेर गेला की एंड रद्द होऊन पुन्हा खेळायचा, किंवा स्पर्धेच्या नियमाप्रमाणे जॅक ठरलेल्या खुणेवर परत ठेवायचा.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा. लीडने मागे टाकू नये. अजून जवळ काहीच नसताना राखायचं काय? बहुतेक वेळा मागचा गोळा सेकंडच्या किंवा थर्डच्या वाट्याला येतो.

हे डावपेच या खेळात आले ते नियम पक्के झाल्यावर. खेळ जुना आहे. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची हिरवळ १२९९ पासूनची असल्याचं सांगतात. १५४१ साली आठव्या हेन्रीच्या काळात कारागीर-मजुरांना हा खेळ नाताळ सोडून खेळायला कायद्याने बंदी झाली आणि ती बंदी १८४५ पर्यंत कागदावर होती. स्पॅनिश आरमार चालून येत असताना इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने प्लिमथला आधी डाव संपवला, ही गोष्ट प्रसिद्ध असली तरी ती दंतकथाच आहे. खरं वळण लागलं एकोणिसाव्या शतकात, स्कॉटलंडमध्ये. गवत कापायचं यंत्र १८३० साली आलं होतं, हिरवळी सपाट करता येऊ लागल्या होत्या, आणि ग्लासगोचे वकील डब्ल्यू. डब्ल्यू. मिचेल यांनी नियमांची संहिता बांधली. उत्तर इंग्लंडमध्ये आजही मध्ये उंचवटा असलेल्या हिरवळीवर, रिंक न आखता, जॅक कुठेही नेऊन खेळतात. तो वेगळाच, बहुतांशी एकट्याने खेळायचा प्रकार आहे. सपाट हिरवळीवर मात्र जॅक नेमका कुठे जाऊ शकतो हे हद्दींनी ठरवलेलं असतं, म्हणूनच तो जाईल तिथे आधी पहारा बसवता येतो. सपाट हिरवळ, आखलेली रिंक आणि चौघांचा संघ यांतून हा बचाव उभा राहिला.

क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०३ साली इंग्लिश बोलिंग असोसिएशन स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष होते डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. दाढीवाले, क्रिकेटचे तेच ग्रेस. त्याच वर्षीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते इंग्लंडचे कर्णधार होते.

१९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिली राष्ट्रकुल स्पर्धा झाली तेव्हापासून, १९६६ चा किंग्स्टनचा अपवाद सोडला, तर लॉन बोल्स त्या स्पर्धेत कायम आहे. भारत तिथे या खेळात पहिल्यांदा उतरला तो २०१० साली, दिल्लीत. आणि बारा वर्षांनी लेमिंग्टन स्पा.

त्या स्पर्धेत लव्हली चौबे लीड होत्या, पिंकी सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड आणि रूपा राणी तिर्की स्किप. उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध सुरुवातीलाच ०-५ अशा मागे पडूनही त्या १६-१३ ने जिंकल्या. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी, पंधरा एंडचा. भारत ८-२ पुढे होता. मग आफ्रिकेने बरोबरी साधली आणि १०-८ अशी आघाडीही घेतली. आठ गुणांवर अडकून पडलेला संघ अशा वेळी घाबरून सगळेच गोळे जॅकवर फेकू लागतो. या चौघींनी तसं केलं नाही. शेवटच्या चार एंडमध्ये आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही आणि भारत १७-१० ने जिंकला. ओळीने चार एंड समोरच्याला कोरडं ठेवणं नुसत्या अचूकपणाने होत नाही. त्यासाठी चौघींना एकमेकींच्या गोळ्यांची राखण करावी लागते. पदक आणि नाव स्किपच्या शेवटच्या फटक्याला मिळतं, कारण कॅमेरा तिथे असतो. सेकंडने मागे नेऊन ठेवलेल्या आणि मोजणीत कधीच न आलेल्या गोळ्याची नोंद गुणपत्रिकेत नसते. त्या सामन्याबद्दल लिहिताना आपण ती घ्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे आणि तिच्यात लॉन बोल्स आहे. मुंबईहून एका रात्रीची गाडी. जमलं तर अवश्य जा, मुलांनाही न्या. आणि तिथे बसल्यावर जॅकला चिकटलेल्या गोळ्यांकडे सगळे बघत असतील तेव्हा तुम्ही जॅकच्या मागे, चराच्या कडेपर्यंत बघा, आणि तिथे कुणाचे किती गोळे आहेत ते मोजा. पुढचा फटका कुठे बसणार, हे तुम्हाला स्किपच्या बरोबरीने कळू लागेल.