एक माणूस, दोन आसने
(मोखाडा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या घटनेत एक कलम वाढवावे, अशी सूचना आज आपणापुढे आहे. मंडळाचा जो पदाधिकारी एखाद्या सार्वजनिक पदावर निवडून येईल, त्याने मंडळाचे पद सोडावे, असा तिचा आशय आहे. तिचे समर्थन करण्यास मी उभा आहे.

प्रथम देशाचा कायदा काय सांगतो ते पाहू. संसद आणि राज्य विधिमंडळ यांचे सदस्यत्व एकाच वेळी ठेवता येत नाही. शासनाखालील लाभाचे पद धारण करणारा, कायद्याने सूट दिली नसेल तर, सदस्यत्वास अपात्र ठरतो. परंतु पक्षाचे पद हे शासनाखालील पद नव्हे. म्हणून मंत्र्याने पक्षाध्यक्ष असू नये, असे आपला कायदा म्हणत नाही. ते बंधन पक्षांनी स्वतःच घालून घ्यावयाचे असते, आणि स्वतः बांधलेली गाठ सोडणे सोपे असते.

काँग्रेसचा इतिहास याची साक्ष देतो. १९४७ साली आचार्य कृपलानींनी अध्यक्षपद सोडले. सरकार पक्षसंघटनेस विश्वासात घेत नाही, ही त्यांची व्यथा होती. १९५१ साली टंडनजी पायउतार झाले आणि पंडित नेहरूंनी पंतप्रधानपदाबरोबर अध्यक्षपदही स्वीकारले. १९५५ साली ते ढेबरभाईंकडे गेले. १९६३ च्या कामराज योजनेत तर संघटनेच्या कामासाठी सहा केंद्रीय मंत्र्यांनी पदत्याग केला. आपल्या मुंबईचे स. का. पाटील त्यांत होते. पुढे मात्र इंदिराजी व राजीवजी यांच्या काळी दोन्ही पदे पुन्हा एकाच हाती आली.

महाराष्ट्रातही हेच दिसते. २०१९ ते २०२१ या काळात बाळासाहेब थोरात महसूलमंत्री असताना प्रदेशाध्यक्षही होते. २०२१ च्या फेब्रुवारीत नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडून ते पद घेतले. त्यांनी दोन आसने एकत्र ठेवली नाहीत हे योग्यच. पण सभागृहाचे आसन त्यानंतर जुलै २०२२ पर्यंत रिकामे राहिले. एवढा काळ उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी कामकाज चालविले. पद सोडताना त्याची पुढील व्यवस्था लावणे किती अगत्याचे असते, हे यावरून कळते.

कोणी म्हणेल, "दिल्ली-मुंबईच्या गोष्टी मोखाड्यात कशाला?" आपल्या डोंगराळ तालुक्यात कर्ती माणसे थोडी, ज्याच्या हाती सत्ता, तोच उन्हाळ्यात पाड्यावर टँकर आणू शकतो, मग त्यालाच मंडळाचेही पद दिले तर बिघडले कुठे? हा आक्षेप पोकळ नाही. पण तो खोडणारा अनुभव माझाच आहे, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी पंचायत समितीचा सदस्य आणि आपल्या मंडळाचा चिटणीस, असा दुहेरी होतो. निवडणुकीपूर्वीची माझ्या पक्षाची बैठक मंडळाच्याच दालनात भरली. तिला कोणी हरकत घेतली नाही, मलाही ती वावगी वाटली नाही. त्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज मागविले, तेव्हा एका हुशार मुलीचा अर्ज आला नाही. मी तिच्या वडिलांना कारण विचारले. ते म्हणाले, "दादा, तुमच्याकडे मागायचे म्हणजे तुमच्या पक्षाकडे मागायचे. ते मला जमणार नाही." ती मुलगी पुढे शिकली, पण आपल्या साहाय्याविना. मी पैशाचा अपहार केला नव्हता, पक्षपातही केला नव्हता. तरी मंडळाचे दार एका घरापुरते माझ्यामुळे बंद झाले होते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. उमेदवारी अर्ज भरताच पदाधिकाऱ्याने मंडळाचे पद सोडावे. सदस्यत्व राहू द्यावे. मुदत संपल्यावर त्यास पुन्हा निवडून येण्याची मोकळीक असावी. त्याची जागा महिन्याच्या आत भरावी, म्हणजे खुर्ची रिकामी राहणार नाही. आणि निवडणुकीच्या काळात दालन कोणत्याही पक्षास देऊ नये. पक्षात अनेकांनी जावे, सत्तेतही जावे. परंतु ज्ञातीचे घर सर्वांचे असावे.

हे कलम माझ्यासारख्यांच्याच आड येणारे आहे, हे मी जाणतो. तरीही आपण त्यास हात वर करून संमती द्यावी, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.