खेळातले पाप-पुण्य

एका रविवारी माझा मुलगा संगणकावर खेळत असता मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. खेळातल्या एका मायाळू बाईने त्याची वाट अडवली होती. त्याने तिला ठार केले, क्षणभर गप्प बसला, आणि डाव मोडून पुन्हा मागे गेला. या खेपेस त्याने तिला जीवदान दिले.

"असं चालतं का रे?" मी विचारले.

"चालतं की, बाबा. पण हा खेळ विसरत नाही."

आणि खरोखरच, पुढच्याच प्रवेशात एक पात्र त्याला हिणवू लागले, की तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे!

हा खेळ म्हणजे टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाचा, २०१५ सालचा 'अंडरटेल'. या जातीच्या खेळांत खेळणाऱ्याने एखादी भूमिका घ्यायची असते. पूर्वी या भूमिकेचे काम ठरलेले असे: राक्षस मारा, सोने मिळवा, बळ वाढवा. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी 'अल्टिमा' मालिकेचा चौथा भाग काढला आणि वेगळाच पायंडा पाडला. त्यात शेवटी मारायला कोणी महादुष्ट नाही. सचोटी, करुणा, न्याय, त्याग, विनय असे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे, हेच ध्येय. हा शब्द त्यांनी आपल्याकडूनच घेतला. त्या खेळात औषधी वनस्पती विकणारी एक आंधळी बाई आहे. पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिलेत तरी ती तक्रार करीत नाही. पण आत कुठेतरी चित्रगुप्ताची वही उघडी असते, आणि पुढे सचोटीच्या परीक्षेत ते कमी दिलेले पैसे आडवे येतात.

पुढे ही वही खेळाडूपुढेच मांडण्याची रीत पडली. २००७ सालच्या 'मास इफेक्ट'मध्ये सौजन्याचे आणि कठोरपणाचे अशी दोन मापे आहेत. एकच माप भरीत गेले की संभाषणात नवी उत्तरे खुली होतात. परिणाम काय? खेळणारा आधीच ठरवतो, की आपण सज्जन व्हायचे किंवा आपण कठोर व्हायचे. मग समोरच्या माणसाचे गाऱ्हाणे पुरते न ऐकताच ठराविक उत्तर देतो. पुण्याचे गुण मिळू लागले की पुण्य राहते बाजूला, बेरीज तेवढी उरते. 'अंडरटेल'ने नेमके यावरच बोट ठेवले आहे. मारल्यावर मिळणाऱ्या गुणांना इतर खेळांत अनुभव म्हणतात. इथे शेवटाजवळ उलगडा होतो, की ती तर तुम्ही केलेल्या हत्यांची मोजदाद होती!

आता कोणी म्हणेल, पडद्यावरची ती चित्रे, त्यांना मारले काय नि तारले काय! बरोबर आहे. पण नाटकातल्या दुःखानेही आपले डोळे भरून येतातच ना? इथे तर हात आपलाच असतो.

'अल्टिमा'च्या आरंभी भविष्य सांगणारी एक बाई प्रश्न विचारते, आणि प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे करते. न्याय की करुणा? ते वाचताना मला काही वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी आठवला. त्याची हजेरी थोडी कमी भरत होती. नियमावर बोट ठेवून मी त्याचा अर्ज परत केला. त्याचे वर्ष गेले. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, हे मला नंतर कळले. नियमाने मी चुकलो नव्हतो, कोणी मला दोषही दिला नाही. माझ्या कोणत्याच मापातली रेघ खाली आली नाही. पण "का रे, काय झालं?" एवढेदेखील मी त्याला विचारले नव्हते, ही गोष्ट मनातून जात नाही. आणि तो डाव मोडून पुन्हा मांडण्याची सोय मला नाही.

मुलगा तरी मागे गेला. कोणी गुण देणार म्हणून नव्हे; त्याला चैन पडेना म्हणून. तेवढ्यापुरता तो खेळ मला शहाणा वाटतो.

हजेरीचे अर्ज दरवर्षी येतात. नियम तोच आहे, आणि काही अर्ज आजही परत करावे लागतात. पण हल्ली मी आधी मुलाला समोर बसवतो, आणि मग कागद हातात घेतो.