बुद्धिबळाचा प्रोग्राम: आधी काय, मग काय

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं. एकोणीस वर्षांची ही मुलगी महिलांचा विश्वचषक जिंकून भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. या पातळीवरची तयारी आज संगणकाशिवाय होत नाही. चाली तपासायला खेळाडू वापरतात तो स्टॉकफिश प्रोग्राम फुकट मिळतो आणि मोबाइलवरही चालतो. मुदखेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने तसला प्रोग्राम स्वतः लिहायला घेतला, तर हात कुठे घालावा?

आधी नियम पक्के करावेत. कॅसलिंगच्या अटी, प्याद्याची बढती, शहातून सुटका यांत एक चूक राहिली, तर पुढची सगळी हुशारी वाया जाते. ही चूक पकडायची सोय आहे. सुरुवातीच्या मांडणीतून पहिल्या चालीला २० पर्याय असतात, दुसऱ्या चालीअखेर ४०० क्रम होतात, तिसऱ्याअखेर ८,९०२ आणि चौथ्याअखेर १,९७,२८१. प्रोग्रामची मोजणी एकानेही चुकली, तर नियमांत कुठेतरी घोळ आहे.

मग येतो शोध. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५०च्या लेखात दाखवून दिलं, की सगळे डाव शेवटपर्यंत पाहणं कोणत्याही यंत्राला जमणार नाही. डावाच्या मध्यात दर खेपेला साधारण ३५ चाली शक्य असतात. चार चाली पुढचं पाहायचं तर पंधरा लाखांवर शेवट तपासावे लागतात. इथे अल्फा-बीटा ही छाटणी कामी येते. मुदखेड जंक्शनवरून एक रूळ भोकर-किनवटकडे जातो, दुसरा उमरी-धर्माबादकडे. भोकरलाच वाट बंद आहे असं कळलं, तर त्या मार्गावरची पुढची स्टेशनं कोण मोजत बसेल? उत्तम चाल दर वेळी आधी तपासली गेली, तर पंधरा लाखांचं काम २,४४९ वर येतं. म्हणूनच कोणती चाल आधी बघायची, यावर प्रोग्राम लिहिणारे सर्वाधिक डोकं खर्च करतात.

शोध थांबवायचा कुठे, हेही महत्त्वाचं. वजिराने प्यादं मारलं आणि हिशेब तिथेच संपला, तर प्रोग्राम खूश होतो. पुढच्याच चालीत वजीर जाणार, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे मारामारी संपेपर्यंत पाहून मगच स्थितीला गुण द्यायचे.

हे गुण द्यायचे कसे, यात मोठी उलथापालथ झाली. १९९७ मध्ये जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे, पण स्थितीचं मोल ठरवण्याचे निकष माणसांनी घालून दिलेले होते. २०१७ मध्ये अल्फाझीरो हा प्रोग्राम स्वतःशीच खेळून शिकला. सेकंदाला अवघ्या ८० हजार स्थिती पाहून त्याने तेव्हाच्या स्टॉकफिशला नमवलं. जपानच्या यू नासू यांनी शोगी या जपानी बुद्धिबळासाठी साध्या प्रोसेसरवरही वेगाने चालणारं न्यूरल जाळं रचलं होतं. २०२० मध्ये स्टॉकफिशने ते स्वीकारलं आणि त्याची ताकद एकदम वाढली.

बदल चांगला की वाईट, हे मात्र लिहिणाऱ्याच्या मतावर सोडत नाहीत. २०१३ पासून स्टॉकफिशची प्रत्येक सुधारणा फिशटेस्टमधून जाते. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक वापरायला देतात, जुनी आणि नवी आवृत्ती हजारो डाव खेळतात आणि संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला तरच बदल ठेवतात. मुदखेडच्या विद्यार्थ्याला हीच पद्धत घरच्या संगणकावर लहान प्रमाणात राबवता येते: रात्री दोन आवृत्त्या झटपट डावांना लावायच्या आणि सकाळी निकाल पाहायचा.