लसीनंतरची पहिली रात्र
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत गर्दी असते. आरोग्य सेविका लसींचा थंड डबा घेऊन येते, दुपारपर्यंत टोचणी आटोपते, नोंदवहीत खूण होते. शासनाच्या दृष्टीने काम तेथे पूर्ण होते; मातेचे काम मात्र तेथून सुरू होते. रात्री बाळ तापते, किरकिरते, टोचलेली मांडी हलवू देत नाही. वऱ्हाडातील एखादी आजी मग म्हणते, "चांगलं लेकरू नेलं अन् बिमार करून आणलं." पुढील महिन्यात ते बाळ केंद्रावर दिसत नाही. दुसरा डोस खरे म्हणजे त्या रात्रीच हुकलेला असतो.

देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. आज बाळाला ६, १० व १४ आठवड्यांनी पंचगुणी लस, म्हणजेच पेंटाव्हॅलंट, दिली जाते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून ती संरक्षण देते. परंतु एका डोसाने ते संरक्षण पुरे होत नाही. टोचणीनंतरचा ताप हा शरीर प्रतिकारशक्ती उभारीत असल्याचा परिणाम होय. तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो.

टोचणीनंतर अर्धा तास केंद्रावरच थांबावे. क्वचित तीव्र प्रतिक्रिया उद्भवली, तर ती बहुधा याच वेळात दिसते. घरी गेल्यावर बाळाला वरचेवर अंगावर पाजावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात ते पुरेसे असते. टोचल्या जागी तेल, हळद, चुना लावू नये, चोळू नये, गरम शेक देऊ नये. स्वच्छ फडके गार पाण्यात पिळून ठेवल्यास ठणका कमी होतो. लहानशी गाठ काही आठवडे राहू शकते.

ताप आला की बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची रीत आपल्याकडे आहे. अकोल्यात वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ही माया बाळाला महागात पडते. पातळ सुती झबले, हवेशीर खोली व कोमट पाण्याने अंग पुसणे एवढे बस्स होते. पॅरासिटामॉल आरोग्य सेविकेने सांगितलेल्या मापानेच द्यावे. थेंबांच्या बाटलीत पुष्कळदा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधात ५ मिलिलिटरमध्ये १२५. एका बाटलीचे माप दुसरीला लावल्यास चौपट औषध पोटात जाते.

बीसीजीची गोष्ट वेगळी आहे. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, तो फुटतो, व्रण राहतो. त्यावर मलम नको. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर ताप किंवा पुरळ आठवड्याभराने येऊ शकतो. तोवर घरचे लोक लस विसरलेले असतात.

मात्र झटके येणे, बाळ निपचित पडणे, ओठ निळे होणे, श्वास लागणे, तीन तासांहून अधिक सतत रडणे, अंगावर पिणे सोडणे किंवा दोन दिवसांनंतरही ताप न उतरणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मेळघाटात आजारी अर्भकाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याचे प्रकार घडले आहेत. तेथे केवळ निषेध करून भागत नाही; रात्री कोणाकडे जावे हे त्या मातेला तिच्या कोरकू भाषेत आधीच सांगितलेले असावे लागते.

पंचायतीच्या हाती यात बरेच आहे. उन्हाळ्यात सत्र सकाळी भरवावे, अर्धा तास बसण्यासाठी सावली व पाणी असावे, आणि टोचणीच्या दुसऱ्या दिवशी आशा ताई बाळाच्या घरी गेली की नाही याची ग्रामसभेत विचारपूस व्हावी. शिक्षकांचा शब्द आजीही ऐकते. हे सारे तिलाच समजावणे अधिक उपयुक्त ठरते, कारण रात्रीचा निर्णय पुष्कळदा तिचाच असतो.

मेळघाटातून कामासाठी सपाटीवर उतरणाऱ्या कुटुंबांनी माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. ते दाखवून कोणत्याही गावच्या सत्रात पुढील डोस घेता येतो. तारीख टळली असली, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस तेवढा द्यायचा असतो.