अर्ध्या तासाची साक्ष

दर वर्षी नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बंगळूर शहरात एक आगळी परीक्षा चालते. अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाकडे अर्ज केलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला त्याच विद्यापीठाच्या, पण आता बंगळूरात नोकरी-व्यवसाय करणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडून भेटीचे बोलावणे येते. एखाद्या कॉफीगृहात, कचेरीतील मोकळ्या खोलीत, आणि २०२० च्या महासाथीनंतर पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर, दोघांची गाठ पडते. अर्धा-पाऊण तास बोलणे होते. मग माजी विद्यार्थी आपला अभिप्राय लिहून समुद्रापार धाडतो. या कामाचे त्याला वेतन मिळत नाही आणि प्रवेश देण्या-नाकारण्याचा अधिकारही त्याच्या हाती नसतो. एवढ्याशा भेटीसाठी घरात मात्र आठवडाभर तयारी चाललेली असते. कोणता सदरा घालावा इथपासून ‘हेच विद्यापीठ का’ या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत.

मुलाखतीवरून प्रवेश ठरविण्याचा प्रकार या शहराला नवा नाही. बंगळूर ही म्हैसूर राज्याची राजधानी होती त्या काळात सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी निवड समिती नेमली आणि ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के इतके गुण मुलाखतीसाठी ठेवले. सामान्य ज्ञान, कल व व्यक्तिमत्त्व, पूर्वीचा शैक्षणिक लौकिक, छात्रसेनेतील काम, खेळ, वक्तृत्व, नाट्य, समाजसेवा या गोष्टी त्यात पाहावयाच्या होत्या. यादी वाचताना तीत खोट काढण्यासारखे काही आढळत नाही. खोट असते ती वजनाच्या मापात. शेकडा पाच-दहा गुणांच्या फरकाने जिथे मुलाचे वैद्यक हुकते, तिथे एवढे गुण समितीच्या क्षणिक मतावर सोपविणे म्हणजे वर्षभराचा अभ्यास एका दुपारी तराजूत घालण्यासारखे होते. विद्यार्थी न्यायालयात गेले. समितीने अधिकाराचा दुरुपयोग केला, असे ठरवून म्हैसूरच्या उच्च न्यायालयाने त्या मुलाखती रद्द केल्या व नव्याने घेण्यास फर्माविले.

१९६४ मध्ये ‘चित्रलेखा विरुद्ध म्हैसूर राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मात्र ग्राह्य धरली. कसोट्या विषयाला धरून असतील आणि निवड जाणकारांच्या हाती असेल, तर न्यायालयाने त्यात हात घालू नये, असे न्या. सुब्बाराव यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. या निर्णयाशी असहमत झालेले न्यायमूर्ती मराठी होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव न्या. जनार्दन मुधोळकर यांना सरकारने आपल्या आज्ञेने मुलाखतीचे गुण असे जोडावेत, हे मान्य झाले नाही. पुढे काळाने त्यांच्या शंकेला बळ दिले. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयासंबंधीच्या अजय हासिया खटल्यात, ज्याचा निकाल १९८१ च्या निकालपत्रांत छापला गेला, दीडशे गुणांपैकी पन्नास गुण मुलाखतीसाठी होते, आणि ती मुलाखत दोन-तीन मिनिटांत, तीही वडील कोण व राहणे कुठे अशा चौकशीत, उरकली जात असल्याची तक्रार होती. न्या. भगवती यांनी १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला देणे स्वैर ठरविले आणि मुलाखती ध्वनिफितीवर मुद्रित कराव्यात, अशी सूचना केली. नंतर कर्नाटकाने १९९४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा घेतली आणि मुलाचा चेहरा पाहण्याचा प्रश्नच मिटवून टाकला.

तेव्हा ज्या शहराने समितीपुढची मुलाखत न्यायालयात खेचली, त्याच शहरातील पालक आता परदेशी विद्यापीठाच्या मुलाखतीसाठी मुलांना पढवितात, हे जरा गमतीचेच आहे. पण दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. म्हैसूरची समिती न्यायाधीश होती. माजी विद्यार्थी हा साक्षीदार असतो. त्याचे म्हणणे नोंदले जाते, पण निकाल दुसरेच लोक देतात.

या साक्षीचाही पूर्वेतिहास तसा निर्मळ नाही. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत १९२० च्या दशकात ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांचे महत्त्व वाढले, ते बऱ्याच अंशी परीक्षेत सरस ठरणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरण्यासाठी, आणि मुलाखत हे त्याचे एक हत्यार होते. असे असता, २०१८ साली बोस्टनच्या न्यायालयात हार्वर्डविरुद्धचा खटला चालला, तेव्हा नेमकी उलटी गोष्ट पुढे आली. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात आशियाई वंशाच्या मुलांना प्रवेश कार्यालयाने गोऱ्या मुलांपेक्षा कमी लेखले होते; पण त्याच मुलांना प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांचे गुण मात्र गोऱ्या मुलांच्या जवळपास होते. कागद वाचणाऱ्याला जे दिसले नाही, ते समोर बसलेल्याला दिसले. वंशाचा विचार करून प्रवेश देण्याची पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोडीत काढली. ही बाब मात्र त्या गदारोळात मागे पडली.

बंगळूरात या साक्षीचा खरा उपयोग आणखी निराळा आहे. निपाणी-चिकोडीकडून शिकायला आलेल्या मुलाच्या अर्जात वादसभेचे चषक नसतात, कारण त्याच्या शाळेत वादसभाच नव्हती. हे परदेशातील कार्यालयाला कळण्याचा मार्ग नाही. बंगळूरचा माणूस ते दोन ओळींत लिहू शकतो. अडखळत बोललेल्या इंग्रजीमागे मराठीत आणि कानडीत केलेला विचार आहे, हेही त्यालाच उमगते. मात्र तो स्वतः शहरातील मोजक्या इंग्रजी शाळांतून आलेला असेल आणि आपल्यासारख्यालाच ‘चुणचुणीत’ म्हणत असेल, तर ही साक्ष पहिल्याच ओळीत फसते. शिवाय नमुना-मुलाखती घेणारे सल्लागार भरमसाट शुल्क आकारून जी घोटीव उत्तरे शिकवितात, त्यांतून मूळचा मुलगा शोधून काढणे सोपे नाही.

साक्षीची किंमत साक्षीदाराने किती पाहिले यावर असते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी भीमराव आंबेडकरांना सयाजीराव महाराजांकडे नेले, तेव्हा महाराजांनी काही प्रश्न विचारून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ती मुलाखतच होती. पण तिच्यामागे चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे पाहिलेल्या शिक्षकाचा शब्द होता. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले.

त्या कोलंबियाने अलीकडे माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंद केल्या आहेत. काही विद्यापीठे आता अर्जदाराकडूनच छोटी चित्रफीत मागवितात. मुलगा आपल्या खोलीत कॅमेऱ्यापुढे बसून दोन मिनिटे बोलतो. समोर प्रतिप्रश्न करणारे कोणी नसते.