चार भुतं आणि ताई

माझ्या लहानपणी आमच्या वाशीमच्या घरात चार भुतं राहत. संध्याकाळी अभ्यास आटोपला की ती निघत आणि लाइन गेली की गडप होत. आज त्या भुतांबद्दल आणि माझ्या ताईबद्दल चार शब्द सांगणार आहे.

गोष्ट 1996 सालच्या दिवाळीची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मोठी खरेदी म्हटली की मीटरगेजच्या गाडीने अकोला गाठायचं. त्या दिवाळीत बाबा तिथून कपड्यांबरोबर एक खोकंही घेऊन आले. त्यात टीव्ही गेम होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 मध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडच्या बाजारात आल्या होत्या, त्यातलीच ही एक. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची आणि मुंग्यांमधून चित्र उमटेपर्यंत बटण फिरवत बसायचं. कॅसेट अडली की ती काढून फुंकर मारायची. आजी म्हणायची, "हे भुतं कायले आनले रे घरात?"

बसस्टँडजवळ व्हिडीओ गेमचं एक दुकान होतं. मी तिथे जात असे. ताई एकदाच आली, तीही दारापर्यंत. आत सगळी पोरंच होती. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. ती म्हणाली, "चाल घरी." त्यानंतर मी परतलो की ती विचारायची, कोणता खेळ खेळला, त्यात काय काय होतं. मी सांगायचो आणि ती ऐकायची. म्हणून तो खोका घरात आला तेव्हा माझ्यापेक्षा जास्त आनंद तिला झाला. मी मात्र तो माझाच खेळ समजत होतो.

मला बंदुकीचे खेळ आवडत. ताईने पॅकमॅन निवडला. आ वासलेला एक गोळा, बोळाबोळांचा चक्रव्यूह, खायचे ठिपके आणि मागे लागलेली चार भुतं. मोठा ठिपका खाल्ला की थोडा वेळ भुतंच पळत सुटतात आणि आपण त्यांना खायचं. एवढाच खेळ.

मूळ खेळात ही भुतं लाल, गुलाबी, निळी आणि नारिंगी आहेत. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. आम्हाला चारही राखाडी. मी त्यांना पाहून नुसता पळत सुटायचो आणि कोपऱ्यात सापडायचो. ताई मात्र आधी दोन-तीन डाव मुद्दाम हरली. तेवढ्या वेळात ती भुतांकडे पाहत होती. मग तिने त्यांना नावं दिली. एक सतत मागे लागतो, तो गोमाशी. दुसरा मागे येत नाही, पुढे जाऊन वाट अडवतो, तो मांजर. तिसऱ्याचा नेम नाही, तो येडा. चौथा अंगावर येतो आणि जवळ आला की परत फिरतो, तो भित्रा. "रंगाचं काय करतं? त्याची चाल पाह्य नं," ती म्हणायची.

तिचा स्कोअर माझ्या दुप्पट असे. यंत्र बंद झालं की आकडा पुसला जाई, म्हणून ती तो कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवायची. एकदा ती आजवरच्या आकड्याच्या पुढे गेली. आजीसुद्धा माळ थांबवून पाहत होती. आणि लाइन गेली. अंधारात ताई काहीच बोलली नाही. कंदील लागल्यावर तिने कॅलेंडर उलटवलं, पण आकडा लिहिला नाही. "पुरा कुठं झाला होता?" म्हणाली.

बारावीनंतर अकोल्याला जाऊन कॉम्प्युटर शिकायचं तिच्या मनात होतं. घरात हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मिटला. 1998 च्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. त्याच वर्षी 1 जुलैला वाशीम जिल्हा झाला. पुढे तीन वर्षांनी माझा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा अर्ज बाबांनी स्वतः नेऊन भरला. ताईचं काय, असं मी तेव्हा विचारलं नाही.

नोकरीला लागल्यावर या खेळाबद्दल वाचायला मिळालं. तो 1980 मध्ये जपानच्या नामको कंपनीने काढला. आराखडा तोरू इवातानी या पंचविशीतल्या तरुणाचा. त्या काळी खेळांची दुकानं गोळीबाराच्या खेळांनी आणि पुरुषांनी भरलेली असत. तिथे मुलींनीही यावं, म्हणून त्यांनी मारामारीऐवजी खाण्याचा खेळ रचला. चार भुतांना चार स्वभावही मुद्दाम दिले. लाल भूत थेट पाठलाग करतं. गुलाबी आपल्या पुढची जागा हेरतं. निळ्याची चाल आपल्याबरोबरच लाल भूत कुठे आहे त्यावरही ठरते, म्हणून ते लहरी वाटतं. नारिंगी जवळ येताच आपल्या कोपऱ्याकडे वळतं. पहिल्या तिघांची जपानीतली मूळ नावंही याच अर्थाची आहेत. म्हणजे जपानमधल्या त्या माणसाने जिच्यासाठी खेळ केला, ती मुलगी वाशीममध्ये राखाडी पडद्यापुढे बसून त्याच्या मनातलं बरोबर ओळखत होती.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो, तेव्हा भाचीच्या मोबाइलवर हा खेळ लावून दिला. ताईने पहिल्यांदाच ती भुतं रंगात पाहिली. "हा लाल म्हणजे गोमाशी व्हय?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. इवातानींची गोष्ट सांगितली. ती खेळता खेळता ऐकत होती. मग मी म्हणालो, "ताई, तेव्हा तुझा अर्ज भरायला पाहिजे होता." तिने मान वर केली नाही. "थांब, बोलू नको," म्हणाली, "मांजर पुढं बसलं आहे."

आम्ही सगळे गप्प बसलो. त्या रात्री लाइन गेली नाही. डाव संपल्यावर ताईने भाचीकडे कागद मागितला आणि आकडा लिहून ठेवला.