तो, ती, ते आणि जर्मन भाषा

(मंडळाच्या वर्धापनदिनी, मालेगाव येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की आहार, बचत किंवा संस्कार यांपैकी एक विषय ठरलेला असतो. यंदा मी जर्मन भाषेचा विषय सुचवला तेव्हा कार्यकारिणीत थोडा हशा पिकला. “हळदीकुंकवाला जर्मन कशाला?” असे एका काकूंनी विचारलेही. त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु गेल्या वर्षभरात आपल्याच मंडळातील तीन-चार घरांतून मला हीच पृच्छा आली आहे : “मुलगी नर्सिंग करते आहे, तिला जर्मन शिकवावे काय?” किंवा “अकरावीला मराठी सोडून जर्मन घेते म्हणते, घेऊ द्यावे काय?” एकेकीला उत्तर देण्यापेक्षा सर्वांना मिळून सांगावे, एवढाच माझा हेतू.

प्रथम भाषेविषयी थोडे सांगते. परकी भाषा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी येते, आणि इंग्रजीने आपल्या पिढीला जे रडवले त्यावरून सगळ्याच परक्या भाषा तशा असणार अशी आपली समजूत होते. जर्मनच्या बाबतीत ती पुष्कळशी चुकीची आहे. मराठी मुलीला जर्मन काही बाबतींत इंग्रजीपेक्षा ओळखीची वाटते. इंग्रजीत टेबलाला लिंग नाही, झाडाला नाही. जर्मनमध्ये मात्र आपल्यासारखी तीन लिंगे आहेत. आपण तो, ती, ते म्हणतो, ते डेअर, डी, दास म्हणतात. हिंदी बोलणाऱ्या मुलीलाही नपुंसकलिंग नवे असते, आपल्या मुलीला ते घरचे असते. लहान मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे हे ऐकून इंग्रज हसतात. आपण हसू नये. आपण वऱ्हाडात ‘ते पोट्टं’ म्हणतो, ‘ते लेकरू’, ‘ते वासरू’, ‘ते पाखरू’ म्हणतो. लहानग्याला नपुंसकात घालायची खोड दोन्ही भाषांना आहे. मात्र सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, हे पाठच करावे लागते. तेथे युक्तिवाद चालत नाही.

आता हे वाक्य पाहा : ‘कारण मी आजारी आहे.’ जर्मन माणूस म्हणतो, ‘वाइल इश क्रांक बिन.’ वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. शब्दाखाली शब्द ठेवा, एकही जागा बदलत नाही. हे प्रत्येक वाक्यात होते असे नव्हे. साध्या वाक्यात त्यांचे क्रियापद दुसऱ्या जागी येते, पण ‘कारण’, ‘की’, ‘जेव्हा’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यात ते शेवटी जाते. आणि उच्चार! त्यांच्या दहाच्या आकड्याचा पहिला वर्ण म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चाक’, ‘चमचा’ यांतला च. पुस्तकात तो ‘त्स’ असा लिहितात आणि मुली बिचकतात. ‘चमचा’तला च म्हटला की काम होते.

आकड्यांची गंमत तर सांगितलीच पाहिजे. आपण एकवीस म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस. जर्मनही ‘एक-आणि-वीस’ असेच म्हणतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर केवढा गदारोळ झाला हे आपणास आठवत असेल. जर्मनीतही ‘वीस-एक म्हणू द्या’ अशी मागणी करणारी एक संस्था आहे. तिकडच्या मुलांचीही उलटसुलट आकड्यांनी तारांबळ उडते. दुखणे सारखे, औषधही सारखेच सुचलेले.

परंतु आपली ओळख व्याकरणापुरती नाही. आपला जिल्हा म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा सर्वसेन राजा महाराष्ट्री प्राकृतात काव्य करीत असे. त्याचे ‘हरिविजय’ आज उरलेले नाही, इतरांनी घेतलेल्या उताऱ्यांवरूनच ते माहीत आहे. ही महाराष्ट्री प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची पणजी. आणि ती नव्या काळात कोणी अभ्यासली? हाल राजाची गाथासप्तशती 1881 मध्ये लाइपझिग येथे आल्ब्रेख्त वेबर यांनी छापून काढली. हेर्मान याकोबी यांनी 1886 मध्ये जर्मन विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रीतील निवडक कथांचे पुस्तक काढले. याच याकोबींनी जैन आगमांची भाषांतरे केली. आपल्या तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात. त्या परंपरेचे ग्रंथ बर्लिन आणि बॉन येथे बसून माणसे वाचीत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फ्रान्त्स कीलहॉर्न संस्कृत शिकवीत आणि त्यांनी पतंजलीचे महाभाष्य संपादिले. अलीकडचे ग्युंटर झोन्टहायमर तर मराठी शिकून धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, आणि खंडोबा-बिरोबांवर त्यांनी जन्मभर काम केले.

म्हणूनच 2014 च्या नोव्हेंबरात जे घडले त्याचे मला वाईट वाटले. केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीची हजारो मुले तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकत होती. वर्ष अर्धे उलटल्यावर जर्मनच्या जागी संस्कृत करण्याचा निर्णय झाला. पुढे जर्मन जादा विषय म्हणून ठेवण्याची सोय झाली खरी. त्रिभाषा सूत्राचा नियम असेल, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण संस्कृत आणि जर्मन या दोघींना सवती म्हणून उभे करणे हे त्या दोन्ही भाषांच्या इतिहासाला धरून नाही, आणि मधल्या वर्षी मुलांची पुस्तके बदलणे हे तर कोणत्याच शिस्तीला धरून नाही.

आता बायकांचे सांगते. इरावती कर्वे आपणां सर्वांस ‘युगान्त’मुळे ठाऊक आहेत. त्या 1928 मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर मानववंशशास्त्रातले मोठे प्रस्थ होते आणि कवट्यांच्या ठेवणीत वंशावंशांतला भेद दिसतो अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा भेद दिसत नाही असे आपल्या प्रबंधात लिहिले. प्रबंध जर्मन भाषेत. पंचविशीच्या आतबाहेरची महाराष्ट्रातली मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि त्या भाषेत गुरूच्या मताविरुद्ध निष्कर्ष! याच फिशर यांचे विचार पुढे नाझींच्या वंशधोरणाला उपयोगी पडले. भाषा नुसती बोलता येणे वेगळे आणि त्या भाषेत ‘नाही’ म्हणता येणे वेगळे.

दुसऱ्या बाई उलट दिशेने आल्या. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शिक्षण अमरावतीस झाले, तेव्हा ते आपलेच. त्यांची पत्नी एडिथ कोहन, लग्नानंतरच्या शीलवतीबाई. विंटरनिट्झ यांचा भारतीय वाङ्मयाचा मोठा जर्मन इतिहास इंग्रजीत आणला तो याच बाईंनी. 1927 मध्ये त्याचा पहिला खंड कलकत्ता विद्यापीठाने काढला. ज्ञानकोशाचे नाव घेताना आपण पतीचे नाव घेतो, पण त्या घरातले हे काम कमी मोलाचे नव्हते.

आता व्यवहाराकडे येते, कारण चिंता तेथे आहे. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार तरुण-तरुणींना प्रायोगिक तत्त्वावर तिकडे कामाला पाठवण्याचा तो संकल्प होता. परिचारिका, वायरमन, चालक अशी कामे त्यात होती. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत जर्मन हा शब्द ऐकू येऊ लागला, आणि त्याच्या पाठोपाठ जाहिरातीही आल्या : चार महिन्यांत जर्मन, सहा महिन्यांत जर्मनी.

भगिनींनो, येथे मी स्पष्ट बोलणार आहे. भाषेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशी ती चढण आहे. परिचारिका म्हणून तिकडे मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-टू लागते. नुसते शिकाऊ म्हणून जायचे तरी बी-वनच्या आसपास. बी-टूपर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिका लागतात असा गोएथे-इन्स्टिट्यूटचाच हिशेब आहे. ही संस्था आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन या नावाने पुण्या-मुंबईस आहे. आता रोज दोन तासिका धरा, रविवार आणि सणवार सोडा. वर्ष-सव्वा वर्ष होते की नाही? घरचा अभ्यास वेगळाच. चार महिन्यांत होते ते ‘माझे नाव अमुक, मी मालेगावची, मला दोन भाऊ आहेत’ एवढे. रात्रपाळीत म्हातारा रुग्ण छातीत कळ येते म्हणून सांगू लागला तर एवढ्यावर भागायचे नाही.

तिकडच्या तीन वर्षांच्या नर्सिंग-शिक्षणात विद्यार्थिनीला फी द्यावी लागण्याऐवजी महिन्याला हजार युरोंहून अधिक विद्यावेतन मिळते, हे खरे आहे, आणि ते ऐकून कुणाचेही मन हलेल. म्हणूनच मधले लोक त्यावर पैसे मागतात. माझ्या माहितीतल्या एका घराने शेताचा तुकडा गहाण टाकून असे पैसे दिले. मुलगी अजून घरीच आहे आणि भाषा ए-वनलाच थांबली आहे. जर्मन सरकारने परिचारिका नेणाऱ्या संस्थांसाठी एक गुणचिन्ह ठेवले आहे, आणि ते घेणाऱ्या संस्थेने मुलीकडून नेमणुकीचे पैसे घ्यायचे नाहीत असा दंडक आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा : पैसे कोण देणार? दुसरा प्रश्न : परीक्षा कोणाची? क्लासने स्वतः छापलेले प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, व्हिसाला उपयोगी पडत नाही.

अकरावीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. 2020 च्या कायद्याने दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. पुढे दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येते, आणि शहरांतून पुष्कळ मुले ती गुणांसाठी घेतात, कारण सुरुवातीची पुस्तके सोपी असतात आणि गुण भरभरून पडतात. बारावी झाली की पुस्तक रद्दीत. तेवढ्यासाठी मराठी सोडणे मला पटत नाही. पण जी मुलगी पुढेही शिकणार आहे, तिने नववी-दहावीपासूनच सुट्टीत सुरुवात करावी. शाळेत तासिका नसली तरी आकाशवाणीसारखे डॉइचे वेले या त्यांच्या प्रसारणसंस्थेचे धडे फुकट आहेत, आणि मोबाईल तर आता घरोघर आहे. गाणी-रील बघण्यातली अर्धी घटका इकडे वळवावी. आणि आईने जवळ बसावे. आईला जर्मन येण्याची गरज नाही, मुलगी मोठ्याने वाचते आहे की नाही एवढे कळले की पुरे.

त्या काकूंनी मला आणखी एक विचारले होते : “मुलगी तिकडेच राहिली तर?” राहील कदाचित. मुंबईला गेलेल्या मुली तरी कोठे परत येतात? पण जी जाईल तिने करारपत्र स्वतः वाचून सही करावी, दुसऱ्याने वाचून दाखवलेल्यावर नव्हे.

ज्यांना घाई नाही त्यांनी चहा झाल्यावर थांबावे. फळ्यावर मी एक ते वीस जर्मन आकडे देवनागरीत लिहून ठेवले आहेत. दहाचा उच्चार करताना चमचा आठवा.